आधी सांधे पक्के करा



भूकंपात माणसे दगावतात ती बहुतेक जमीन हलल्यामुळे नव्हे, तर डोक्यावरचे छप्पर खाली आल्यामुळे, हे तुम्ही भूगोलाच्या तासाला ऐकलेच असेल. म्हणून नव्या इमारती भूकंपाला टिकतील अशाच बांधाव्यात, असा नियम सगळ्याच शहाण्या देशांनी केला आहे. हे उत्तमच झाले. पण ज्या इमारती नियमाच्या आधीच उभ्या राहिल्या, त्यांचे काय? नियमाचे पुस्तक छापले म्हणून जुन्या भिंतीत नवी सळई आपोआप शिरत नाही. आपण ज्या शाळेत शिकतो, आपले वडील किंवा आई ज्या कारखान्यात काम करतात, त्या इमारती बहुधा जुन्याच असतात. त्यामुळे आजचा खरा प्रश्न या उभ्या इमारतींचा आहे, असे माझे मत आहे. त्यांपैकी एका जातीविषयी आज बोलू. ही जात म्हणजे पूर्वनिर्मित काँक्रीटची इमारत.

पूर्वनिर्मित म्हणजे आधीच तयार केलेली. नेहमीच्या पद्धतीत गवंडी जागेवरच फळ्यांचा साचा बांधतो, त्यात सळया मांडतो आणि वरून काँक्रीट ओततो. खांब, तुळई आणि स्लॅब असे एकमेकांत मुरून एकजीव होतात. पूर्वनिर्मित पद्धतीत मात्र खांब, तुळया, भिंतींच्या फळ्या आणि छताच्या लाद्या कारखान्यात साच्यातून काढतात, मालमोटारीने जागेवर आणतात आणि क्रेनने एकावर एक बसवतात. काम झपाट्याने होते, काँक्रीटचा दर्जा चांगला राखता येतो, खर्चही वाचतो. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात आणि सोव्हिएत संघात लाखो कुटुंबांना घरे मिळाली ती या पद्धतीमुळे. तेव्हा ही पद्धतच वाईट असे कृपा करून समजू नका.

मग अडचण कुठे आहे? अडचण आहे सांध्यांत. सुटे सुटे भाग कितीही भक्कम असले तरी ते एकमेकांना धरून राहिले नाहीत तर त्यांची इमारत होत नाही, नुसती उतरंड होते. आपल्या जुन्या वाड्यांचे सुतार हे ओळखून होते. लाकडी खांबाच्या डोक्याला ते कुसू काढीत आणि ते तुळईच्या खाचेत घट्ट बसवीत. तुळई खांबावर नुसती टेकवून कोणी घरी जात नसे. आणि आश्चर्य असे की विसाव्या शतकात, मोठमोठ्या यंत्रांच्या काळात, कित्येक ठिकाणी नेमके हेच झाले. काँक्रीटची अवजड तुळई खांबाच्या माथ्यावर नुसती टेकवली गेली.

इटलीच्या उत्तरेला एमिलिया नावाचा सपाट, सुपीक प्रदेश आहे. तेथे पूर्वनिर्मित काँक्रीटचे शेकडो कारखाने आहेत. उंच खांब, त्यांवर लांबच लांब तुळया, तुळयांवर छताच्या लाद्या, अशी त्यांची साधी रचना. २० मे २०१२ रोजी पहाटे चार वाजून तीन मिनिटांनी तेथे सुमारे ६ प्रतीचा भूकंप झाला. अनेक कारखान्यांत तुळया खांबांवरून घसरल्या आणि छते खाली आली. वेळ पहाटेची होती, म्हणून सापडले ते रात्रपाळीचे काही कामगारच. नऊ दिवसांनी, २९ मे रोजी सकाळी नऊ वाजता, जवळजवळ तेवढाच दुसरा धक्का बसला. तोवर कित्येक कारखाने पुन्हा सुरू झाले होते आणि माणसे कामावर आली होती. मेदोल्ला, सान फेलिचे अशा गावांत कामगार छताखाली गाडले गेले.

पडलेले भाग पाहिले तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. कित्येक तुळया मोडलेल्या नव्हत्या. त्या अखंडच्या अखंड जमिनीवर पडल्या होत्या. तुळईचे बळ कमी पडले नव्हते. तिला धरून ठेवणारे काही नव्हते. ती केवळ आपल्या वजनामुळे होणाऱ्या घर्षणावर खांबाला चिकटून होती.

आता तुम्ही म्हणाल, दहा-वीस टनांची तुळई, ती कशी घसरेल? तिचे वजनच तिला धरून ठेवील! या ठिकाणी थोडे गणित करू. समजा तुळईचा भार १० टन आहे आणि तुळई व खांब यांमधला घर्षणांक ०.३ आहे. म्हणजे ३ टनांपर्यंतचा आडवा जोर घर्षण सहन करील. भूकंपात जमिनीला गुरुत्वीय त्वरणाच्या ०.३ पट आडवे त्वरण मिळाले, तर तुळईवर येणारा आडवा जोरही १० च्या ०.३ पट, म्हणजे ३ टनच होतो. याहून जरा जास्त हादरा बसला की तुळई सरकली. बरे, आता तुळई २० टनांची घ्या. घर्षण दुप्पट, म्हणजे ६ टन झाले खरे. पण भूकंपाचा जोरही दुप्पट, ६ टनच झाला! दोन्ही बाजूंनी वस्तुमान कटते. तात्पर्य, जड तुळई हलक्या तुळईपेक्षा तसूभरही सुरक्षित नाही.

एवढ्यावर हे संपत नाही. भूकंपात जमीन आडवी हलते तशीच खालीवरही होते. जमीन झपकन खाली जाते त्या क्षणी तुळईचा खांबावरचा भार कमी होतो. उतरणारी लिफ्ट सुरू होताना आपल्याला क्षणभर हलके वाटते ना, तसेच. भार १० वरून ८ टनांवर आला की घर्षण ३ वरून २.४ टनांवर येते, आणि आडवा जोर मात्र तसाच राहतो. म्हणून भूकंपाच्या प्रदेशात घर्षणाच्या भरवशावर तुळई ठेवणे हा शुद्ध जुगार आहे.

पटत नसेल तर घरी करून पाहा. एका पाटाखाली चार गोल पेन्सिली घाला. पाटावर दोन विटा एकमेकींपासून थोड्या अंतरावर उभ्या करा. त्यांच्या माथ्यावर फूटपट्टी अशी ठेवा, की तिची टोके विटांवर जेमतेम सेंटिमीटरभर टेकतील. पाट हळूहळू मागेपुढे हलवीत जोर वाढवा. विटा उभ्या असतानाच पट्टी खाली येईल. आता पट्टीवर एक खोडरबर चिकटवून ती जड करा आणि पुन्हा पाहा. फार फरक पडणार नाही. तिसऱ्या खेपेला पट्टीची दोन्ही टोके विटांना दोऱ्याने बांधा. आता पट्टी सहजी पडत नाही. पण जोर आणखी वाढवला तर काय होते? एखादी वीट कलंडू लागते. पाट हलवताना पाय जरा मागे घ्या, आणि ही कलंडलेली वीट लक्षात ठेवा. तिचे काम पुढे आहे.

आता एमिलिया सोडून आर्मेनियात जाऊ. ७ डिसेंबर १९८८ रोजी सकाळी, शाळा-कचेऱ्या भरलेल्या असताना, स्पिताक गावाजवळ ६.८ प्रतीचा भूकंप झाला. किमान २५,००० माणसे मृत्युमुखी पडली. लेनिनाकान या शहरात (आज त्याचे नाव ग्युम्री आहे) पूर्वनिर्मित काँक्रीटच्या नऊमजली इमारती दोन प्रकारच्या होत्या. एका प्रकारात खांब आणि तुळया यांची चौकट होती. दुसऱ्यात मोठ्या भिंतीच एकमेकींना जोडून खोल्या केलेल्या होत्या. चौकटीच्या निम्म्याहून अधिक इमारती कोसळल्या. मोठ्या भिंतींच्या इमारती मात्र उभ्या राहिल्या. शहर तेच, भूकंप तोच, आणि पद्धतही दोन्हीकडे पूर्वनिर्मितीचीच. मग फरक कशाने पडला? चौकटीच्या इमारतींत खांबांचे जोड कच्चे होते आणि मजल्यांच्या पोकळ लाद्या एकमेकींना व भिंतींना नीट बांधलेल्या नव्हत्या. शिवाय तिथल्या मऊ जमिनीच्या संथ हेलकाव्यांशी त्या लवचिक इमारतींचे हेलकावे जुळले. झोपाळ्याला लयीत झोका दिला की तो उंच जातो, तसा हा प्रकार. भिंतींच्या इमारती ताठ होत्या, त्यांना जोडणारे सांधेही पुष्कळ होते. म्हणून मी म्हणतो, दोष पूर्वनिर्मितीवर ढकलून मोकळे होऊ नका.

आपल्या देशातही हा धडा मिळालेला आहे. २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी कच्छमध्ये मोठा भूकंप झाला. त्याच्या थोडीच वर्षे आधी तेथे पूर्वनिर्मित फळ्यांच्या एकमजली प्राथमिक शाळा बांधलेल्या होत्या. छताच्या फळ्या एकमेकींना आणि आधाराला पुरेशा बांधलेल्या नव्हत्या. बऱ्याच शाळांत त्या खाली आल्या. तो प्रजासत्ताक दिन होता. झेंडावंदनासाठी बरीच मुले वर्गाबाहेर होती. अंजारमध्ये मात्र फेरीतली मुले अरुंद गल्लीत सापडली आणि दोन्ही बाजूंची घरे त्यांच्यावर कोसळली. हाच धक्का नेहमीच्या शाळेच्या दिवशी, वर्ग भरलेले असताना बसता तर? नव्याकोऱ्या इमारतींच्या छताखाली तुमच्याएवढी मुले बसलेली असती. इमारत नवी आहे म्हणजे ती पक्की आहे, असे धरून चालण्यात अर्थ नाही, हेही यावरून दिसते.

आता उपायांकडे वळू. पहिला उपाय अगदी साधा आहे. तुळई आणि खांब यांना लोखंडी कोन, जाड पट्ट्या आणि बोल्ट यांनी एकमेकांना बांधायचे. छताच्या लाद्या तुळयांना बांधायच्या, बाहेरच्या भिंतींच्या फळ्या चौकटीला बांधायच्या. जिथे तुळईची बैठक अरुंद आहे तिथे खाली लोखंडी कंगोरा बसवून ती रुंद करायची, म्हणजे लादी किंवा तुळई सरकली तरी खाली पडणार नाही. पुष्कळ ठिकाणी हे काम कारखाना किंवा शाळा फार दिवस बंद न ठेवता करता येते.

हे क्षुल्लक वाटते का? मग न्यूझीलंडची गोष्ट ऐका. १४ नोव्हेंबर २०१६ रोजी मध्यरात्रीनंतर तेथे ७.८ प्रतीचा भूकंप झाला. राजधानी वेलिंग्टनमधल्या एका आधुनिक सरकारी कार्यालयाच्या पूर्वनिर्मित मजल्यांचे काही भाग बैठकीवरून सुटून खाली आले. रात्र असल्यामुळे आत कोणी नव्हते. त्यानंतर तिथल्या अभियंत्यांनी अशा मजल्यांच्या इमारती नव्याने तपासल्या. शहराचे मध्यवर्ती ग्रंथालय त्या भूकंपातून उभे राहिले होते. तरी त्याचे मजले धोक्याचे आहेत असे दिसताच ते २०१९ साली बंद करण्यात आले. पाडावे की सबळ करावे यावर बराच वाद झाला आणि २०२० साली सबळ करण्याचा निर्णय झाला. उभ्या, लोकांच्या आवडत्या इमारतीला कुलूप लावणे सोपे नसते. लोक नावे ठेवतात. पण ‘बैल गेला अन् झोपा केला’ असे म्हणून घेण्यापेक्षा आधीच शिव्या खाणे पुष्कळ बरे.

आता ती कलंडलेली वीट आठवा. पट्टी बांधल्यावर पट्टीचा जोर विटेवर आला. तसेच, तुळई खांबाला बांधली की भूकंपात तिचा जोर खांबावर आणि खांबातून पायावर जातो. जुना खांब तो सोसण्याइतका सबळ नसेल तर? म्हणून दुसरा टप्पा लागतो. खांबाभोवती काँक्रीटचे किंवा लोखंडाचे कवच चढवतात, किंवा कार्बनच्या धाग्यांचे कापड खास डिंकाने गुंडाळतात. खांबातल्या सळयांभोवतीच्या रिंगा विरळ असतील, तर आतले काँक्रीट फुटून बाहेर पडते. हे कवच रिंगांचे काम करते. काही ठिकाणी दोन खांबांमध्ये लोखंडी तिरप्या दांड्या किंवा नवी काँक्रीटची भिंत घालतात, म्हणजे आडवा जोर तिकडे वळतो. हे काम मात्र खर्चाचे आणि वेळखाऊ असते, आणि ते जाणत्या अभियंत्याने हिशोब केल्यावरच करायचे असते. आपल्याकडे जुन्या काँक्रीटच्या इमारती कशा तपासाव्या आणि सबळ कराव्या याविषयी भारतीय मानक १५९८८ हे मार्गदर्शन २०१३ साली प्रसिद्ध झालेले आहे.

इथेच खरा वाद सुरू होतो. काही जण म्हणतात, करायचे तर पूर्ण करा. अर्धवट काम करून लोकांना खोटा धीर देऊ नका. म्हणणे वरवर योग्य वाटते. पण पूर्ण कामाला पैसा नाही म्हणून काहीच न करणे, हा त्याचा व्यवहारात होणारा अर्थ आहे. इटलीने २०१२ च्या भूकंपानंतर कायद्याने एक मधला मार्ग काढला. कारखाना पुन्हा सुरू करायचा तर आधी तीन गोष्टी दुरुस्त करा: खांब-तुळयांचे न जोडलेले सांधे, नीट न बांधलेल्या भिंतींच्या फळ्या आणि जड माल ठेवलेली, आधार नसलेली उंच मांडणी. त्यानंतर संपूर्ण इमारतीचा हिशोब करा, आणि नव्या इमारतीला जेवढी सुरक्षितता लागते तिच्या निदान ६० टक्के या इमारतीत आणा.

६० टक्केच का, १०० का नाही, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. माझ्याही मनात येतो. कामगाराचा जीव ६० टक्केच मोलाचा आहे की काय? पण असा विचार करा. शंभर इमारतींपैकी दहा संपूर्ण सबळ झाल्या आणि नव्वदांच्या तुळया तशाच नुसत्या टेकलेल्या राहिल्या, हे बरे. की शंभरच्या शंभर इमारतींचे सांधे बांधले गेले आणि पुढचे काम पायरीपायरीने चालू राहिले, हे बरे? मला दुसरे बरे वाटते. अट एवढीच, की पहिल्या पायरीवर कोणी ठाण मांडून बसता कामा नये. पुढच्या पायरीची तारीख कायद्यातच लिहिलेली असली पाहिजे.

दुसरा आक्षेप नेहमीचा आहे: ‘आमच्याकडे भूकंप होतच नाही.’ एमिलियाचा बहुतेक भाग २००३ पर्यंत इटलीच्या भूकंपप्रवण प्रदेशांच्या यादीत नव्हता, म्हणूनच तिथल्या तुळया मोकळ्या राहिल्या. आपल्याकडे दख्खनचे पठार अगदी स्थिर समजले जाई. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनानगर हादरले. किल्लारीचा परिसर तर त्या वेळच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तिथे हजारो माणसे दगड-मातीच्या घरांखाली गेली. नकाशे माणसे काढतात आणि ज्ञान वाढेल तसे ते बदलतात. इमारत मात्र जुन्या नकाशाप्रमाणे बांधलेली तशीच उभी राहते.

तिसरा आक्षेप असा, की इमारत इतकी वर्षे उभी आहे, म्हणजे ती चांगलीच असणार. सांधा बाहेरून दिसत नाही, ही त्यातली मेख आहे. लंडनमध्ये रोनन पॉइंट नावाची पूर्वनिर्मित भिंतींची २२ मजली इमारत होती. १६ मे १९६८ रोजी तिच्या अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला, एक भिंत निसटली आणि इमारतीचा सबंध कोपरा पत्त्यांसारखा खाली आला. चार माणसे गेली. तो भूकंप नव्हता, पण दुखणे तेच, सांध्यांचे. दुरुस्ती करून इमारत पुन्हा वापरात आली. पुढे १९८६ साली ती उतरवताना सांधे उघडून पाहिले, तर काही ठिकाणी मसाल्याऐवजी वर्तमानपत्राचे कागद कोंबलेले निघाले! वर्षानुवर्षे लोक त्या भिंतींच्या आत राहत होते.

मग कोणत्या इमारतींपासून सुरुवात करावी? माझ्या मते क्रम असा असावा. पहिल्या शाळा, कारण तिथे लहान मुले असतात आणि तिथे राहायचे की नाही हे ती ठरवू शकत नाहीत. मग रुग्णालये आणि अग्निशामक दलाची ठाणी, कारण भूकंपानंतर सगळे गाव त्यांच्याकडेच धाव घेते. त्यानंतर जिथे शेकडो माणसे एका छताखाली काम करतात ते कारखाने आणि गोदामे. या प्रत्येक इमारतीची तपासणी कधी झाली, काय आढळले आणि काय दुरुस्त केले, हे दारावरच्या फलकावर लिहिलेले असावे. आपण वजनकाट्यावर तपासणीचा शिक्का पाहतो; तर मग छपराचा का पाहू नये?

तुम्हांला यात काय करता येईल? पुष्कळ. पुढच्या वेळी एखाद्या मोठ्या गोदामात, सभागृहात किंवा बसस्थानकात गेलात की मान वर करून पाहा. तुळई खांबावर कशी बसली आहे? बैठक बोटभर आहे की हातभर? बोल्ट किंवा लोखंडी कोन दिसतात का? नुसते पाहून इमारत सुरक्षित की धोक्याची हे ठरवायला जाऊ नका, आणि उगीच भीतीही पसरवू नका. पुष्कळ ठिकाणी जोड काँक्रीटच्या आत असतो. पण प्रश्न विचारायला बंदी नाही. ‘सर, आपल्या शाळेची भूकंपाच्या दृष्टीने तपासणी कधी झाली?’ एवढा एकच प्रश्न मुख्याध्यापकांना नम्रपणे विचारा. त्यांना उत्तर ठाऊक नसेल, तर ते शाळा समितीला विचारतील. समिती अभियंत्याला विचारील. असा प्रश्न एका शाळेतून दहा शाळांत गेला, तर कोणा ना कोणाला शिडी लावून वर चढावे लागेल आणि तुळईची बैठक मोजावी लागेल.

भूकंप कधी येणार हे आज जगातला कोणीही शास्त्रज्ञ दिवस-वार ठरवून सांगू शकत नाही. तुळई खांबाला बांधलेली आहे की नाही, हे मात्र शिडी आणि विजेरी घेऊन एका दुपारात पाहता येते. आपण त्या कामापासून सुरुवात करू या.